धुऱ्यावरचा मोह



हरभरा निघाला, गहू निघाला, कुटार गोठ्यात भरून झालं. वावर मोकळं आहे. ऊन असं की दहानंतर वावरात थांबवत नाही, म्हणून सध्या माझी फेरी पहाटेचीच. आज साडेपाचला खालच्या वावरात गेलो, तर धुऱ्यावरच्या मोहाखाली फुलांचा सडा. फिकट पिवळी, मांसल, बोटाच्या पेराएवढी फुलं. टपटप आवाज सुरूच होता. एक माझ्या टोपीवर पडलं. उचलून तोंडात टाकलं. गोड. इतकं गोड की मागून घशाला जरा उग्र लागतं.

दरवर्षी या दिवसांत या झाडावर एखादी नोंद टाकू म्हणतो आणि राहून जाते. यंदा टाकतो आहे, कारण यंदा हे झाड राहते की जाते असा प्रश्न घरात उभा झाला होता.

झालं असं की मागच्या पंधरवड्यात आरा मशीनवाल्याचा माणूस वावरात येऊन गेला. झाड पाहिलं, बुंध्याला कवळ घालून पाहिली, भाव सांगून गेला. हा धुरा माझा आणि धाकट्या भावाचा सामाईक. भाऊ पुण्याला कंपनीत आहे. फोन केला तर तो म्हणाला, "दादा, देऊन टाक. त्याच्या सावलीनं चार तासं सोयाबीन दरवर्षी बसते. अन् मायले त्या फुलाचा वास सहन होत नाही, हे तुले माहीत नाही का?"

दोन्ही गोष्टी खऱ्या. सावलीतली सोयाबीन नुसती वाढते, शेंग धरत नाही. आणि चैत्रात वारा खालच्या वावराकडून घराकडं फिरला की माय खिडकी लावून घेते. कारण आम्ही कधी विचारलं नाही. घरात दारूमुळं जे झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून विचारायची गरजही वाटली नव्हती.

मोह तोडायला परवानगी लागते, हे आधी सांगून ठेवतो. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत मोह आहे, झाड तुमच्या स्वतःच्या धुऱ्यावर असलं तरी. पण आमच्या घरात परवानगी हा मुद्दाच नव्हता. मुद्दा माय होती.

आधी झाडाचं सांगतो.

मोह फुलतो तो पानं झडल्यावर. फांद्यांच्या टोकाला घोस येतात आणि फुलं रात्री उमलतात. त्या वासावर वटवाघळं येतात, ती फूल चोखतात आणि जाता जाता परागकण इकडचे तिकडे करतात. पहाट झाली की फुलं गळू लागतात. गंमत अशी की पूर्ण फूल गळत नाही, पाकळ्यांची ती रसाळ नळीच तेवढी सुटून पडते. मागं देठावर फळ धरायचं ते धरतेच. म्हणजे तुम्ही खाली पडलेलं सगळं वेचून नेलं तरी झाडाचं काही कमी होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर टोळी पिकते, तिच्या बियांचं तेल निघते. एका झाडाची दोन पिकं, आणि नांगर, खत, फवारा काही नाही. आपल्या कोणत्या पिकाबद्दल असं म्हणता येईल, सांगा बरं.

फुलं उन्हात वाळवली की मनुक्यासारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाचं साधारण निम्मं वजन साखरेचं असते. भाजून, कुटून, तिळासोबत लाडू होतात. पिठात घालून भाकर होते. बैलाला खुराकात देतात. गडचिरोली, गोंदिया, मेळघाटाकडं घरात फुलांचं पोतं असणं म्हणजे कणगीत ज्वारी असण्यासारखंच. आणि हो, दारू होते. जिथं साखर, पाणी आणि ऊब एकत्र येते तिथं हे होणारच. गव्हाची पेंड दोन दिवस भिजत राहिली तरी तुमच्या गोठ्यात तो वास येतोच की.

दारू कशी निघते ते मी लहानपणी एकदा पाहिलं आहे. पुढचं कोणी कृती म्हणून वाचू नका, विनापरवाना गाळणं गुन्हा आहे आणि घातकही. पण पाहिलं ते सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथंच आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्याकडं एक म्हातारबा सालदार होते, मूळचे मेळघाटाकडचे. आबाजींपेक्षा वयानं मोठे, म्हणून आबाजी त्यांना नाव घेऊन कधी हाक मारत नसत. वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखात, त्यांच्या देवासाठी ते थोडी काढत. आबाजी स्वतः माळकरी, पण त्या दिवशी ते मळ्याकडं फिरकत नसत. दोघांमधली ती न बोललेली समजूत होती.

म्हातारबांनी वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि कुटाराच्या ढिगात मडकं ठेवून दिलं. दोन दिवसांनी मला म्हणाले, "कान लाव रे पोरा." मी मडक्याला कान लावला. आत चुरचुर चुरचुर, जसं काही बारीक पाऊस कुटारावर पडतो आहे. "खाऊन राह्यलं ते," ते म्हणाले. काय खाते, कोण खाते, मला कळलं नाही. आता कळते की फुलासोबत येणारं किण्व साखर खात होतं आणि वायू सोडत होतं. सहाव्या दिवशी आवाज थांबला. "झोपलं आता."

मग चूल. खाली ते भिजवणाचं मडकं. त्यावर बुडाला भोकं असलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत मधोमध एक लहान भांडं. सगळ्यात वर थंड पाण्यानं भरलेला जर्मनचा गंज. सांधे चिखल आणि चिंधीनं बंद. इस्तव अगदी बारीक. खालची वाफ भोकांतून वर जाते, थंड गंजाच्या बुडाला लागते, तिथं तिचं पाणी होते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. वरचं पाणी गरम झालं की बदलायचं. म्हातारबा प्रत्येक वेळी एक खडा बाजूला ठेवत. किती पाणी बदललं त्यावर दारू किती कडक ते ठरे. कमी पाण्याची ती कडक, जास्त पाण्याची ती फिक्की. शेवटी चमचाभर चुलीत टाकून पाहिली, भक्कन जाळ झाला. पिण्याआधी पहिली धार जमिनीवर ओतली. "पयली देवाची," एवढंच बोलले.

यात जादू काही नाही. पाणी १०० अंशाला उकळते, मद्यार्क ७८ ला. इस्तव बारीक ठेवला तर वाफेत मद्यार्क जास्त येते, पाणी कमी. जसजसा वेळ जातो तसतशी वाफेत पाण्याची भर पडत जाते. खडे मोजणं हे म्हातारबांचं थर्मामीटर होतं.

एक गैरसमज मात्र काढून टाकतो. पहिली धार फेकली की विषारी मिथेनॉल निघून जाते आणि बाकीची दारू निर्धोक, असं बरेच जण छातीठोक सांगतात. मिथेनॉल ६५ अंशाच्या आसपास उकळते हे खरं, पण घरगुती भांड्यात ते असं नेमकं वेगळं होत नाही, पुढच्या धारेतही येत राहते. फुलाच्या दारूत ते मुळात थोडं असते एवढंच. माणसं मेली ती बहुतेक ठिकाणी कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं तेव्हा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती अशीच.

पुढं शिकताना आणि नंतर मोबाइलवर, या विषयाचा मला नादच लागला. म्हातारबांची ती तीन मजली मांडणी मी परत पाहिली ती मेक्सिकोच्या एका चित्रात! वर थंड पाण्याचं भांडं, आत गोळा करायचं भांडं, हुबेहूब. मडक्याच्या जागी पोकळ केलेलं झाडाचं खोड, आणि फुलांच्या जागी भाजून कुटलेला घायपात, तोच आपल्या धुऱ्यावरचा काटेरी घायपात म्हणा ना, त्याच्याच जातीचा. अभ्यासक सांगतात की सोळाव्या शतकापासून फिलिपाइन्सहून स्पेनची जहाजं मेक्सिकोला जात, त्यावरचे खलाशी माडाची दारू गाळणारे होते, आणि त्यांच्यासोबत ही मांडणी तिकडं गेली. मंगोलियात घोडीच्या आंबवलेल्या दुधापासून गाळतात, तिथंही हीच तऱ्हा.

शब्द तर भांड्यांपेक्षा जास्त फिरले आहेत. अरबीत अरक म्हणजे घाम. गंजाच्या बुडाला थेंब जमतात ते पाहिलं की हा शब्द कुठून आला ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच अरकाचं तुर्कस्तानात राकी झालं, मंगोलियात अर्खी, गोव्यात उर्राक. तेराव्या शतकात मंगोल फौजांसोबत गाळण्याची विद्या कोरियात गेली, आणि तिथल्या केसाँग गावात सोजूला अराकजू म्हणत. युरोपातल्या लोकांनी मात्र वेगळंच नाव दिलं. लॅटिनमध्ये अक्वा विटे, म्हणजे जीवनाचं पाणी. स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक भाषेत त्याच अर्थाचा शब्द, त्याचा अपभ्रंश व्हिस्की. कोणी घाम म्हटलं, कोणी जीवन. आमच्या मायला विचारलं असतं तर तिनं तिसरंच नाव सांगितलं असतं.

ही विद्या पहिल्यांदा कुठं निघाली यावर पंडितांचं अजून एकमत नाही. तक्षशिलेला आणि पेशावरजवळच्या शैखान ढेरीला दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी सापडली. रेमंड ऑल्चिन नावाच्या पुरातत्त्वज्ञानं १९७९ मध्ये मांडलं की ती गाळण्याचीच भांडी आहेत आणि या विद्येचं जुनं घर भारतात असू शकते. सगळ्यांना ते मान्य नाही. इजिप्तमधल्या ग्रीक किमयागारांकडं आणि पुढं अरबांकडं गाळण्याची भांडी होती हे नक्की, त्यांच्या 'अल-अंबीक'वरूनच युरोपातल्या भांड्याचं नाव पडलं. मला या भांडणात रस कमी. मला दिसते ते असं की हे सगळीकडं शेतकऱ्याच्या दारात सुरू झालं. ज्याच्याकडं जे नासणारं होतं ते त्यानं टिकवलं. कोणाकडं जव, कोणाकडं तांदूळ, कोणाकडं द्राक्षाचा चोथा, कोणाकडं माड, आपल्याकडं मोह.

अमेरिकेची एक गोष्ट तर आपल्याला फारच जवळची आहे. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातले शेतकरी. डोंगर ओलांडून धान्य बाजारात न्यायचं तर वाहतूकच भावापेक्षा जास्त. मग ते धान्याची व्हिस्की करत. घोड्यावर कमी वजनात जास्त किंमत जायची. १७९१ मध्ये सरकारनं त्यावर कर लावला, शेतकरी भडकले, आणि १७९४ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. सोयाबीनचं पोतं बाजारात नेऊन भाड्याचे पैसे वजा करणाऱ्याला ही गोष्ट फोडून सांगायला नको.

सरकार आणि भट्टी यांचं नातं सगळीकडं असंच. पण पुढं वाटा वेगळ्या झाल्या. स्कॉटलंडमध्ये डोंगरात लपून गाळणारे हजारो होते. १८२३ मध्ये कायदा बदलला, परवान्याची फी आणि कर परवडेल असा केला, आणि त्यांतले कितीतरी जण उजेडात आले. आज त्यांची बाटली विमानतळावर विकते. आपल्याकडं उलट झालं. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, गाळण्याचं काम सरकारी ठेक्याच्या मोठ्या भट्ट्यांकडं गेलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा झाला. दारूचा नव्हे, फुलाचा! फूल बाळगणं, विकणं हाच गुन्हा व्हायला लागला. त्याच दशकात १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ पडले, ज्यात मध्य प्रांत-वऱ्हाडात कितीतरी घरं रानातल्या मोहावर जगली.

आपलं वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, पण १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढं आपल्यालाही लागला. त्यात मोहफुलावर बंधनं होतीच. ती उठली २०२१ मध्ये. म्हणजे झाडाखालचं फूल वेचून, पोत्यात भरून, बंडीत घालून न्यायला मोकळीक मिळायला एवढी वर्षं लागली.

आणि गोव्याचं पाहा. काजू हे मूळ ब्राझीलचं झाड, पोर्तुगीजांनी आणलं. त्याच्या बोंडाचा रस काढून, आंबवून, भाटीवर गाळून आधी उर्राक, परत गाळून फेणी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचा वारसा म्हणून मान दिला. मध्य प्रदेशानं अलीकडं मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य ठरवून आदिवासी बचत गटांना ती काढायची परवानगी दिली. परदेशातून आलेल्या झाडाची दारू वारसा, आणि आपल्या मातीतल्या झाडाची हातभट्टी. हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत होतं.

होतं म्हणतो आहे. कारण याच मतावर मी एक स्वप्न रचलं होतं. आपल्याकडंही असा नियम झाला तर गावात बचत गट करू, रिसोड-मालेगावच्या पट्ट्यातली फुलं गोळा करू, काचेची बाटली, त्यावर छान लेबल. आणि भावाला सांगायचं उत्तरही तयार होतं: बाबा दारूनं गेले खरे, पण मोहाच्या दारूनं नाही. त्यांना नेलं ते देशीच्या पव्व्यानं आणि नवसागर घातलेल्या सडक्या गुळाच्या हातभट्टीनं. म्हातारबा वर्षातून एकदा देवासाठी काढत, त्यात घर बुडत नव्हतं. झाडाचा काय दोष?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबा गेले तेव्हा मी वाशिमला वसतिगृहात, बारावीला होतो. लिव्हर. त्याआधीच्या सहा वर्षांत दोन एकर वरचं वावर गेलं, मायची एकदाणी गेली, दुभती म्हैस गेली. जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालं त्यांना कळते.

गेल्या रविवारी सकाळी मायला चहा दिला आणि विषय काढला. आरा मशीनवाल्याचं सांगितलं. भाऊ काय म्हणतो ते सांगितलं. मग माझं सगळं भाषण सुरू केलं. स्कॉटलंड, गोवा, म्हातारबांचे खडे. तिनं पूर्ण ऐकलं. मग कप खाली ठेवला.

"तुह्या बापानं शेवटच्या उन्हाळ्यात याच झाडाची काहाडली होती," ती म्हणाली.

मी गप्प.

"दुकानदार उधार देत नव्हता. मंग गोठ्यात मडकं मांडलं. म्हातारबाचं पाहून शिकला होता ना, तुह्यासारखाच. रोज पहाटी झाडाखाली जाये. मले वाटे, मानूस सुधरला, पहाटी उठून वावरात जाते. पंधरा दिवस मले पत्ता नाही. मंग वास आला."

मी म्हणालो, "मले कोनी सांगतलं नाही."

"तू शिकत होता. कायले सांगाव?"

थोड्या वेळानं तिनंच पुढं सांगितलं. "अन् तू म्हनतं का मोहाची चांगली, पव्व्याची वाईट. घरी येनारा मानूस तं तोच होता ना. त्याचा हात तोच होता. मले काय फरक पडला?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. आमच्या भागातल्या बायांनी उभी बाटली आडवी बाटलीचं मतदान का लावून धरलं, गडचिरोलीच्या बायामाणसांनी १९९३ मध्ये जिल्हा कोरडा का करून घेतला, हे मी वाचलेलं होतं. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यावरचे दोन्ही बाजूंचे लेखही वाचले होते. पण बंदीनं दारू थांबते का, या वादात मी नेहमी हुशारीनं बोलायचो. माय ज्या जागेवरून बोलत होती, तिथं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "मंग देऊन टाकतो झाड. उद्याच फोन करतो."

तेव्हा ती चिडली. "झाड कायले तोडतं? झाडानं का बोलावलं होतं त्याले?"

आणि मग तिनं बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं, जे मी अर्धवटच ऐकलेलं होतं. तिचं माहेर मालेगाव तालुक्यातलं, जंगलाला लागून. तेव्हा ती दहा वर्षांची. बाप रोजगार हमीच्या... नाही, तेव्हा आपण ज्याला दुष्काळी काम म्हणतो त्या खडी फोडायच्या कामावर. लेकरांना तिथं सुकडी मिळे. घरात ज्वारी नाही. तिची आजी पहाटे तीन-चार पोरींना घेऊन रानात मोह वेचायला जाई. वाळलेली फुलं भाजायची, कुटायची, मिळेल त्या मिलोच्या पिठात कालवायची आणि भाकर थापायची. "काळी होये, गोड लागे. आम्ही लेकरं भांडत होतो तिच्यासाठी. त्या झाडानं जगवलं आम्हाले. अन् तू आता आऱ्यावाल्याले देतं?"

"मंग वासाचं काय?" मी विचारलं.

"ताज्या फुलाचा वास मले कोठं तरास देते? पडून सडते त्याचा देते. तुम्ही वेचत नाही. चार दिवस पडले राहते, कुजते, आंबते, मंग तोच वास सुटते. तो आला का मले गोठ्यातलं मडकं दिसते." उठता उठता म्हणाली, "रोज वेच. वाळव. इक, नाही तं बैलाले घाल. अन् या घरात भट्टीचं नाव काहाडू नको. सरकारनं परवाना देला तरी."

इतकी साधी गोष्ट. वीस वर्षं आम्ही दोघं भाऊ समजत होतो की मायला झाड नको. तिला खाली सडणारं फूल नको होतं.

भावाला रात्री फोन केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. गोठ्यातलं त्यालाही माहीत नव्हतं. मग म्हणाला, "चार तासं जाऊ दे सोयाबीनची. मी आलो का दोघं वेचू."

तर सध्या माझा पहाटेचा कार्यक्रम हा. पाच वाजता निघायचं. झाडाखालचा पाला मी झाडून घेतला आणि जुनी हिरवी जाळी अंथरली, म्हणजे माती लागत नाही आणि वेचणं अर्ध्या वेळेत होते. खाली जाळ घालून पाला पेटवायची जी पद्धत आहे ती कृपा करून कोणी करू नका. दरवर्षी उन्हाळ्यात विदर्भातली जंगलं पेटतात त्याचं एक कारण तेच आहे, आणि त्या आगीत मोहाचीच लहान रोपं आधी जळतात. म्हातारी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्या खाली पुढची पिढी नाही. आमच्या धुऱ्यावरही एकच आहे. टोळी पडली की बी ताजंच लावून पाहणार आहे, हे बी फार दिवस ठेवलं तर उगवत नाही.

गेल्या सहा दिवसांत रोज साधारण दीड टोपलं फूल निघालं. गच्चीवर वाळत घातलं आहे, चौथ्या दिवशी हाताला चिकटायचं थांबते. पोत्यात भरताना पूर्ण वाळलेलं पाहिजे, नाही तर पावसाळ्यात बुरशी धरते. थोडं बैलाच्या खुराकात मिसळतो आहे, थोडंच, जास्त दिलं तर जनावराला बाधते. बाकीच्याचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. फुलावरचं बंधन उठलं असलं तरी रिठदच्या आसपास घेणारा व्यापारी मला अजून मिळाला नाही. कोणी लाडू, मनुका, सरबत असं काही करत असेल तर सांगा.

काल संध्याकाळी वारा खालच्या वावराकडून होता. मी मुद्दाम घरात बसून राहिलो. खिडकी उघडी होती. मायनं गच्चीवरची ओंजळभर फुलं खाली आणली, तव्यावर कोरडी भाजली, तीळ घातले आणि खलात कुटायला बसली. मला म्हणाली, "गूळ नको घालू, गोड आहेच."

लाडू जरा कडू झाला, फुलं जास्त भाजली गेली बहुतेक. तिनं दोन खाल्ले.